पत्रूच्या गणिताचा खुलासा

सिरोंचा, ता. १८ जून १९५७

कॉलेजच्या मोठ्या साहेबांस, सुकलू वारलू ठेंगरी, राहणार पिपरटोला, वडशाजवळ, हल्ली मुक्काम सिरोंचा, याचा हात जोडून नमस्कार.

पत्र लिहिण्याचे कारण असे की माझा धाकटा भाऊ पत्रू यंदा म्याट्रिक पास झाला. आमच्या गावातून त्या परीक्षेला बसलेला तो पहिलाच. त्याने तुमच्याकडे सायन्सचा अर्ज केला आहे. तुमच्या हापिसातून घरी कागद गेला, की बाकी विषयांत मार्क चांगले आणि गणितात शंभरात छत्तीसच, हे कसे, पालकाने लेखी खुलासा करावा. आमचा बाप वारला. आई अंगठा करते. गावच्या मास्तरांनी तो कागद इकडे पाठवला, सोबत चिठ्ठी, "सुकलू, आता तूच पालक. खरं काय ते लिही." माझे वय चोवीस आहे. शिक्षण चौथीपर्यंत, त्यातले चौथीचे वर्ष अर्धेच.

तर खुलासा. गणिताच्या पेपराच्या दिवशी पत्रूले हिवताप भरला होता. दात वाजून राह्यले होते. अंगावर दोन घोंगड्या टाकल्या तरी खाट हालत होती. आईने म्हटले, जाऊ नको. तो तशातही गेला. हातात पेन धरवत नव्हता तर गणित कुठून सुटेल, हे तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाले मी काय सांगावे.

एक गोष्ट मात्र सांगतो. चौदा वर्षांचा असताना त्याने आमच्या शिवारातल्या मोठ्या सागाची उंची सावली मोजून काढली. मी मानलं नाई. मी झाडावर चढलो, शेंड्यापासून दोरी सोडली. त्याचं आणि माझं एका हाताने जुळेना. मी गावभर हसलो. मंग त्याने माझी दोरी तपासली तर तिला मधात गाठ होती, गाठीत एक हात गेला होता. असा पोरगा आहे. छत्तीस मार्क त्याचे नाईत, तापाचे आहेत.

मी इथी गोदावरीवर नावेवर काम करतो. इकडचे लोक तेलगू बोलतात, मले अर्धं समजते, पुरते. दया ठेवावी.

सुकलू वारलू ठेंगरी


सिरोंचा, ता. २ जुलै १९५७

साहेबांस नमस्कार.

तुमचे उत्तर पोचले. इंग्रजीत होते म्हणून लाकूड डेपोचे मुन्शी अयूबभाई यांच्याकडे नेले. (नावेचे काम सोडले. पाणी वाढले की नाव बांधून बसावे लागते, आणि बसणे मले जमत नाई. आता डेपोत सागाच्या लठ्ठ्यांना फीत लावून घेर मोजतो, अयूबभाई लिहून घेतात.) त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "सुकलू, साहब डाक्टर की चिट्ठी माँग रहे हैं. किस डाक्टर ने देखा था?"

मी म्हटलं, "डॉक्टर कुठी आहे आमच्याकडे? एक वैदू आहे."

"तो वैदू की चिट्ठी मँगवा."

"त्याले लिहिता येत नाई."

"और बुखार आया था?"

आता साहेब, इथी मी गप राह्यलो. गप राह्यलो म्हणजे अयूबभाई समजले. ते म्हणाले, "अरे, झूठ लिखना है तो मुझसे पूछ के लिखता. तारीख तो देख लेता."

म्हणून सांगतो. ताप खोटा नव्हता. दात वाजले ते खरे, घोंगड्या दोन तेही खरे. पण ते दिवाळीच्या सुमाराचे. तारीख तेवढी मी हलवली. त्याची माफी असावी.

पेपराच्या दिवशी झालं ते वेगळं. परीक्षा तालुक्याच्या गावी होती. शाळेच्या समोर रस्ता, रस्त्याच्या पलीकडे आंब्याचं झाड. त्या दिवशी तिकडून लग्नाची वरात चालली होती. दफडं वाजत होतं. साहेब, आमच्या झाडीतलं दफडं तुम्ही ऐकलं आहे की नाई माहीत नाई. ते कानाने ऐकायचं वाद्य नाई, ते पोटात वाजते. अशात गणित कसं सुटावं? वरात पुढं सरकेना, तिथीच थांबली. लग्नसराईत असं होते. कोणाची वरात होती ते मले आठवत नाई.

पत्रूच्या सोबतच्या पोरांचे गणित काऊन नाई बिघडले असे तुम्ही विचारले नाई, पण विचाराल म्हणून आधीच लिहितो, की प्रत्येकाचे कान वेगळे असतात.

इकडे आमचं बरं आहे. डेपोच्या मागे नदी आहे, दुपारच्या सुट्टीत गळ टाकतो. काल वाम लागली, हातभर लांब. अयूबभाईच्या घरी दिली, मलिकाभाभीने आमटी करून मलेच वाढली.

जागा राखून ठेवा साहेब.

सुकलू


सिरोंचा, ता. ५ जुलै

पत्रूस आशीर्वाद.

हे चौथं कार्ड. पहिली तीन पोचली असतील. इथी पाऊस बरा आहे. आईच्या गुडघ्याले करंजीचं तेल चोळून देत जा. तांबड्या बैलाच्या खुरात काही अडकलं होतं ते निघालं का? झिंगू भेटला तर माझा रामराम सांग.

मी मोजणीच्या कामावर आहे. लठ्ठ्याचा घेर मोजतात आणि त्यावरून आतलं लाकूड किती ते काढतात. अयूबभाई पुस्तकात पाहून सांगतात. घेरावरून आतलं कसं समजते, हे तू मले सांगितलं असतं.

उत्तर नाई पाठवलं तरी चालेल.

सुकलूभाऊ


सिरोंचा, ता. १४ जुलै १९५७

साहेबांस नमस्कार.

तुमचे दुसरे पत्र आले. या वेळी मराठीत लिहिले, त्यावरून तुम्ही रागावले की काय असं वाटलं, पण दोनदा वाचल्यावर राग दिसला नाई. तुम्ही लिहिलं की पत्रू स्वतः नागपुराले येऊन तुमच्यासमोर उभा राह्यला. तुम्ही विचारलं, गणितात काय झालं? त्याने सांगितलं, "माझा अभ्यास कमी पडला." तुम्ही म्हटलं, तुझे भाऊ तापाचं लिहितात, वरातीचं लिहितात. तर तो म्हणे मान खाली घालून पुन्हा तेच बोलला, "अभ्यास कमी पडला, साहेब." आणि तुम्ही मले विचारता, की तीन खुलासे झाले, यातला खरा कोणता? पंचवीस तारखेपर्यंत जागा राखतो, नंतर नाई.

हे वाचून मी लठ्ठ्यावर बसून राह्यलो. अयूबभाईने हाक मारली, "फीत पकड रे!" मी उठलो नाई.

साहेब, तिन्ही खोटे आहेत. पत्रूचा तर सगळ्यात मोठा खोटा आहे. आता खरं लिहितो. आधी लिहिलं नाई ते माझ्या लाजेने, आणि दुसरं असं की खरं लिहिलं तर त्यात पत्रूचाही एक गुन्हा निघतो, आणि तुम्ही तोच धरून बसाल अशी मले भीती होती.

आमच्याकडे हिवाळ्यात बैलांचा पट भरतो. जोड्या धावतात, हाकणाऱ्याले धुरकरी म्हणतात. मी पाच वर्षं धुरकरी होतो. पटाची एक रीत आहे. तुमच्या गावची जोडी धावू लागली की गावाने ओरडलंच पाहिजे. दफडं वाजलं पाहिजे. जे गाव गप उभं राहते, ते आपल्याच जोडीचं वाईट चिंतते असं मानतात. अशा गप बसण्यावरून आमच्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत. आणि जोडी मधातच अडली, दबली, तर मंग दुप्पट ओरडायचं. ते ऐकून बैल उठतो. मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तर पत्रूचे पहिले पेपर झाले, तो एकटाच जाऊन राह्यला, आम्ही कोणी गेलो नाई. मले वाईट वाटत होतं. गावचा पहिला पोरगा धावून राह्यला आणि गाव घरी बसलं आहे! आईजवळ तो निरोप ठेवून गेला होता, की गणित कठीण असते, देवाजवळ दिवा लाव. मी म्हटलं, दिवा कायले, आपण जाऊ. दोन गाड्या जुंपल्या. आई, मी, झिंगू दफडेवाला, आणखी आठ माणसं. तांदळाच्या भाकरी बांधून घेतल्या. पत्रूले सांगितलं नाई. त्याले खुशी व्हावी म्हणून.

त्या आंब्याच्या झाडाखाली आम्ही गाड्या सोडल्या. वरात नव्हती साहेब. वरात आम्हीच.

अर्धा तास कोणी आवाज केला नाई, हे मी आईची शपथ घेऊन लिहितो. खिडकीतून पत्रू दिसत होता, तिसऱ्या बाकावर. पेन असा चालून राह्यला होता! झिंगू म्हणे, "का गा सुकलू, चालली ना जोडी?" मी म्हटलं, "चालली. गप राहा, चालते आहे तोवर गप."

मंग पत्रू थांबला. पेन कपाळाले लावला आणि वर आढ्याकडे पाहू लागला. आम्ही वाट पाहिली. तो हालेना. आईने माझा हात धरला, "सुकलू, काय झालं रे त्याले?" झिंगू म्हणे, "अडला!" मलेही तसंच वाटलं. अडला. आणि गाव गप उभं आहे.

मी झिंगूले म्हटलं, "वाजव."

तो विचार करून राह्यला होता, हे मले आता समजते. मुन्शी अयूबभाई लठ्ठ्याचा हिशेब करताना असेच वर पाहतात, आणि मी एकदा मधात बोललो तर फूटपट्टी मारली. पण तेव्हा मी कोणाले गणित करताना जवळून पाहिलं नव्हतं. चौथीत पाहिलं असेल, पण तेव्हा मी खिडकीच्या बाहेर पाहत होतो.

झिंगूने दफडं धरलं. आम्ही सगळे एकदम ओरडलो, "पत्रू, हाण! सोडू नको! पिपरटोल्याचा पत्रू!" आईसुद्धा ओरडली. तिने जन्मात कधी नवऱ्यासमोर आवाज काढला नव्हता. बाकी पोरांचे गणित काऊन नाई बिघडले, तर त्यांचं नाव कोणी घेत नव्हतं. ते हसून राह्यले होते.

शाळेचा चपराशी धावत आला. म्हणे, "हे काय तमाशा लावला? चला निघा!" मी म्हटलं, "भाऊ, आमचा पोरगा अडला आहे, तुमचं काय जाते?" तो म्हणे, "तुमच्यासारखे जंगली इथी येतातच कायले?" मी त्याले उलट बोललो, ते इथी लिहीत नाई. त्याने माझी गचांडी धरली आणि छडी उगारली. मीही हात उगारला. तो पडलाच असता, आणि मी आज सिरोंच्यात नाई, तुरुंगात असतो.

तेवढ्यात पत्रू मधात आला. पेपर तसाच बाकावर टाकून, खिडकीतून पाहून, धावत. छडी त्याच्या खांद्यावर पडली. त्याने चपराशाचे पाय धरले. म्हणे, "सोडा, माझा भाऊ आहे तो." मंग माझ्याकडे वळून एवढंच बोलला, "भाऊ, आईले घेऊन घरी जाय."

वर्गावरचे मास्तर म्हणाले, जो बाहेर गेला तो बाहेर. नियम तो नियम. पत्रू दाराशी उभा राह्यला. आम्ही गाड्या जुंपल्या पण गेलो नाई, वळणावर थांबून पाहत होतो. बऱ्याच वेळाने मास्तरांनी त्याले आत घेतलं. पाऊण तासाच्या वर गेला होता. मंग घंटा झाली. बारातली पाच गणितं झाली होती, असं तो आईले बोलला. मले नाई.

परतताना गाडीत जागा होती, तो बसला नाई. सात कोस गाडीच्या मागे चालत आला. मी तीनदा म्हटलं, बस. चौथ्या वेळी म्हणायची माझी हिंमत झाली नाई. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाई. शिवी दिली नाई, तक्रार केली नाई, जेवायले बसला तर माझ्याकडे ताटही सरकवायचा. बोलायचा नाई तेवढं. मी पंधरा दिवस काढले आणि निकालाच्या आधीच इकडे निघून आलो. लोक म्हणतात सुकलूच्या पायाले भिंगरी आहे. या वेळी भिंगरी नव्हती.

तर साहेब, पेपर सोडून उठला हा त्याचा गुन्हा. तो खरा आहे, मी लपवत नाई. पण तो कॉपीले उठला नाई, उत्तर विचारायले उठला नाई. आणि तुमच्यासमोर त्याने माझं नाव घेतलं नाई. त्याले जागा मिळाली नाई तर तो घरी येऊन नांगर धरेल आणि तेव्हाही कोणाले सांगणार नाई की काऊन. मी ते पाहू शकणार नाई.

जी पाच गणितं त्याने केली ती बरोबर होती का, ते तरी कोणाकडून तपासून घ्या. मले ती गणितं वाचून समजली असती तर आणखी काही सांगितलं असतं.

हे पत्र नावेने पलीकडच्या टपालात टाकतो, इकडचा रस्ता पाण्याखाली आहे.

सुकलू वारलू ठेंगरी


सिरोंचा, ता. ३ ऑगस्ट १९५७

साहेबांस साष्टांग नमस्कार.

पाकीट पोचले. अयूबभाईने फोडलं, कारण माझे हात तेलाचे होते, असं मी त्यांना सांगितलं. तुम्ही लिहिलं की पत्रूले पुन्हा बोलावलं, तोच पेपर समोर ठेवला, राह्यलेली सात गणितं तुमच्या टेबलाशी बसून करायले लावली. सहा केली. सातवं चुकलं, पण रीत बरोबर होती. आणि मंग जागा दिली.

अयूबभाई "रीत बराबर थी, रीत बराबर थी" असं डेपोभर ओरडत गेले. सगळ्यांना वाटलं कोणाचं लग्न ठरलं. इथल्या तेलगू माणसांनी मले उचलून घेतलं, कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, तरी घेतलं. संध्याकाळी मलिकाभाभीने शेवया केल्या. मी इतकं खाल्लं की आज दुपारपर्यंत भूक नव्हती.

आता फार्माबद्दल. तुम्ही पालकाच्या सहीचा फार्म पाठवला, तो सोबत परत करतो. वरचं सगळं पत्रूने भरलेलं होतं. त्याचं अक्षर मी ओळखतो. विद्यार्थ्याचं नाव, गाव, जन्मतारीख. मंग पालकाचं नाव, तिथी त्याने आईचं लिहिलं असतं तरी चाललं असतं, मास्तरांचं चाललं असतं. त्याने लिहिलं: सुकलू वारलू ठेंगरी. नातं: वडील भाऊ. शाईने, सरळ, खाडाखोड नाई.

त्याच्या खाली "पालकाचा धंदा" असा रकाना होता. तो कोरा. बाजूले पेन्सिलने बारीक लिहिलं होतं, ते मी पुसलं नाई, तुम्हीही पुसू नका असं वाटते, पण हापिसाचा कागद आहे, तुमची मर्जी. लिहिलं होतं: "भाऊ, हे तू भर. तू सध्या काय करून राह्यला, मले माहीत नाई. लिहून पाठव."

साहेब, खरं सांगतो. उद्या सागाचा तराफा राजमहेंद्रीले निघणार आहे. महिना सव्वा महिना नदीवर. मी जाणार होतो. ठेकेदाराले हो म्हटलं होतं, वळकटी बांधली होती. समुद्र म्हणे तिथून जवळ आहे, मी समुद्र पाहिला नाई. तिथून पुढं काय ते ठरवलं नव्हतं, मी कधीच ठरवत नाई. सकाळी फार्म घेऊन बसलो तेव्हा वळकटी शेजारी होती.

रकान्यात काय लिहू? तराफेवाला लिहिलं तर महिन्याने खोटं होईल. नावाडी, धुरकरी, सगळं आधीच खोटं झालं आहे. आणि तुम्हाला मी पुष्कळ खोटं लिहिलं, आता पुरे. अयूबभाई दारात उभे होते. म्हणे, "क्या सोचता है? इतना वक्त तो मैं सौ लठ्ठे नाप लूँ." मी म्हटलं, "गप राहा, मी विचार करून राह्यलो." ते खरंच गप राह्यले.

मंग ठेकेदाराकडे जाऊन नाई म्हणून आलो. त्याने दोन शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. परत येऊन लिहिलं: लाकूड डेपो, सिरोंचा येथे मोजणीदार. "दार" वर शाईचा डाग पडला आहे, तो माझा. खाली सही आहे, तीही माझीच, वाकडी असली तरी. चार वर्षं तुमच्या कॉलेजात हा कागद राहील ना? मंग चार वर्षं खरा राह्यला पाहिजे.

पत्रूले आजच वेगळं पत्र टाकलं, त्यात सगळं लिहिलं आहे, डेपोचं, मलिकाभाभीच्या शेवयांचं, घेरावरून आतलं लाकूड कसं काढतात ते अयूबभाईने मले शिकवलं त्याचं. माझ्या हिशेबात कुठी चूक असेल तर त्याने कळवावं असंही लिहिलं.

तुम्हाला एकच मागणं आहे. तो तुमच्या हापिसात येईल, हा फार्म पाहील, धंद्याचा रकाना नक्की पाहील. दोन शब्द लिहायले मले अख्खी सकाळ लागली, हे तेवढं त्याले सांगू नका.

सुकलू वारलू ठेंगरी, मोजणीदार